पाइशीच्या कड्यावरचा अर्ज

विषय : चीनमधील पाइशी गावासमोरच्या कड्यावरची माणसाहून उंच काळी अक्षरे आणि ती दरवर्षी गडद करण्याची प्रथा.

सदर बाबतीत तिथले म्हातारे नावाडी प्रवाशांना सांगतात, ते असे.

फार पूर्वी सुभेदाराला शिकारीसाठी रान हवे होते, म्हणून पाइशी उठवायचे ठरले. रहिवाशांचा अर्ज वाचून निकाल दिल्याशिवाय गाव उठवू नये, असा बादशहाचा कायदा होता म्हणे. कायदा मोडायला नको, म्हणून सुभेदार आलेले अर्ज नदीत टाकी आणि ‘अर्ज आलाच नाही’ असा शेरा मारी.

गावात मेंग झाओ नावाचा पंडित कवी राहत असे. त्याच्या हस्ताक्षराची कीर्ती राजधानीपर्यंत गेली होती. ते वाचता येते, अशी कीर्ती मात्र नव्हती.

"गुरुजी, कड्यावर लिहा," हो नावाची होडीवाली मावशी म्हणाली. "कडा कसा नदीत टाकतो बघू! आणि एवढं एकदा सुवाच्य."

घराघरांतली काजळी घोटून शाई झाली. बांबूच्या परांचीवर चढून, केरसुणी बुडवून मेंगने पहिले अक्षर शाळकरी पोरासारखे नीट काढले. दुसरेही. तिसरे ‘घर’. ते आले आणि त्याचा हात सुटला! केरसुणी उसळली, वळली, घसरली. शाई संपली तरी थांबली नाही. कोरड्या काड्यांचे पांढरे फराटे दगडावर सळसळत गेले. "शाई! शाई आणा!" तो ओरडत धावत होता, परांची डुलत होती, खाली गाव बेभान होऊन नाचत होते.

शेवटचा फटकारा मारून तो उतरला. कडा जणू आता झेप घेणार होता. वाचता मात्र कुणालाच येईना. मेंगला कळून चुकले : आपल्या हौसेपायी गाव जाणार!

सुभेदार आला. तो अक्षरकलेचा मोठा जाणकार समजला जाई. निदान त्याच्या हाताखालचे तरी तसे समजत.

"साहेब, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा," मावशी हात जोडून म्हणाली.

सुभेदार पाहतच राहिला. मेंग खुलासा करायला तोंड उघडणार, तोच मावशीने त्याच्या पायावर जोरात पाय दिला.

"वाहवा!" अखेर सुभेदार म्हणाला. "हे घाईने वाचायचं काम नव्हे. राजधानीचे पंडित येऊ द्यात."

पंडित आले. तेही ‘वाहवा’ म्हणाले आणि आणखी थोर पंडितांना बोलवा, असे सांगून गेले.

आजही गावकरी दरवर्षी केरसुण्या घेऊन ती अक्षरे गडद करतात. कुणी वाचू लागला, तर त्याला चहाला बसवून विषय बदलतात. पाइशी जागच्या जागी आहे. अर्ज वाचनासाठी प्रलंबित आहे.