जबानीखालची सही

"ते राहू दे. कोरे सोडलेस किती?"

"तात्या, आधी मार्क तर बघा. साडेब्याऐंशी आलेत."

"किती सोडलेस, ते विचारतोय मी."

श्रुतिका कणसेने मान ताठ केली. "एकही नाही. एकशेवीसच्या एकशेवीस सोडवले."

भोईटे तात्यांनी उत्तरपत्रिका न बघताच परत तिच्या हातात दिली.

तात्यांनी तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेतल्या होत्या. निवृत्त झाल्यावर वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसणारी पोरं त्यांच्याकडे येऊ लागली. का, ते कुणालाच धड सांगता आलं नसतं. तात्या कायदा शिकवत नसत, इंग्रजी त्यांना बेताचंच येई. कुणी सराव पेपर घेऊन आलं, की ते फक्त कोरे सोडलेले प्रश्न मागत.

श्रुतिकाचं एक वर्ष वाया गेलं होतं. घरच्यांनी दुसरं दिलं, तिसरं मिळणार नव्हतं. यंदा नंबर लागला नाही तर गावच्या कॉलेजात बीकॉमचा फॉर्म भरायचा, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि एक्केचाळीस सराव पेपर देऊनही गाडी साडेब्याऐंशीच्या पुढे सरकत नव्हती. नंबर लागायला नव्वद तरी हवे होते.

"चुकलं की पाव मार्क कापतात, माहितीये मला," ती म्हणाली. "पण कोरं कसं सोडायचं? शाळेत बाई सांगायच्या, काहीतरी लिहूनच या. शाईचेसुद्धा मार्क मिळतात."

"मिळाले?"

"शाळेत मिळायचे."

"आणि पेपरातला शेवटचा उतारा नीट वाचून होतो?"

"तो चार मिनिटांत उरकावा लागतो. वेळच उरत नाही."

तात्या "हं" म्हणाले, आत गेले आणि एक कोरा कागद घेऊन आले. चष्मा पुसला. पेनाचं टोपण काढलं.

"आत्ता स्कूटीवरनं आलीस ना? मी विचारतो, तू सांग. वाटेत पिठाची गिरणी लागते. चालू होती का बंद?"

"चालू."

"बाहेर डबे किती होते?"

"चार."

"पायरीवर कोण बसलं होतं?"

"एक आजी."

"लुगडं कुठल्या रंगाचं?"

"हिरवं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एकाही प्रश्नाला आपण अडलो नाही, याचं श्रुतिकाला मनातून कौतुकच वाटलं. तात्या मात्र एकेक उत्तर सावकाश, वळणदार अक्षरात उतरवत होते.

मग त्यांनी घसा साफ केला आणि कोर्टात वाचतात तसं वाचून दाखवलं.

"मी, श्रुतिका कणसे, वय वर्षे एकोणीस, आज सकाळी गिरणीच्या वाटेने आले. गिरणी चालू होती. बाहेर चार डबे होते. पायरीवर एक आजी बसली होती. तिचे लुगडे हिरवे होते. वरील जबानी मला वाचून दाखवली, ती बरोबर आहे."

कागद तिच्याकडे फिरवला. वर पेन ठेवलं.

"कर सही."

"सही कशाला?"

"जबानीखाली लागते."

तिने पेन उचललं. कागदाला टेकवलं.

...

येताना कानात चालू घडामोडींचं रेकॉर्डिंग लावलं होतं. गिरणीचा आवाज आला होता का?

"तात्या, लुगडं... मी नीट बघितलं नव्हतं."

"खोड."

तिने खोडलं.

"आणि आजी?"

"रोज असतं कुणीतरी तिथं."

"आज?"

तिने आजी खोडली. न विचारता डबे खोडले. गिरणीपाशी हात बराच वेळ थांबला, मग तीही गेली. कागदावर उरलं तिचं नाव, तिचं वय आणि ती त्या वाटेने आली एवढंच. श्रुतिकाला भयंकर लाज वाटली. पण त्या तेवढ्याखाली तिने सही केली, आणि करताना हात थांबला नाही.

तात्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

श्रुतिकाने आपली उत्तरपत्रिका पुन्हा मांडीवर घेतली. एकेका उत्तरावर बोट ठेवत ती खाली जाऊ लागली. मध्येच थांबे, ओठ चावी, आणि एक गोल करी. तात्यांचा चहा पिऊन झाला, अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, तरी ती गोल करतच होती. शेवटी तिने ते मोजले. सव्वीस निघाले. आणि त्या सव्विसांच्या नादात जो उतारा चार मिनिटांत उरकला होता, तो आत्ता वाचताना तिला अगदी सोपा वाटला.

तिने वर बघितलं. मघाची ताठ मान आता राहिली नव्हती.

"हे सव्वीस सोडले, शेवटचा उतारा नीट वाचला... तर नव्वद पडतील ना, तात्या?"

तात्यांचा हात खिशातल्या घडीवर गेला.

"लागेल ना माझा नंबर?"

"माहीत नाही."