गोदा बाद!

एका टेकडीवरच्या गुरुकुलात एकदा एका तरुण शिष्याकडे मुलांच्या खेळांची आखणी सोपवण्यात आली. तिथे सर्व प्रकारची मुले होती. कुणाला कमी दिसे, कुणाला ऐकू येत नसे, आणि गोदा नावाची मुलगी कुबडी घेऊन चाले. शिष्य मनाने फार मऊ होता. गोदाला कुणाचा धक्का लागू नये, ती हिरमुसू नये, म्हणून त्याने पुष्कळ विचार करून ठरवले की लगोरीत गोदा लिंबूटिंबू. तिला चेंडू लागला तरी ती बाद नाही.

नियम सगळ्यांच्याच सोयीचा ठरला. मुले तिच्याकडे लक्ष न देता खेळत, ती कडेला उभी राहून टाळ्या वाजवी आणि शिष्याला आपल्या दयाळूपणाचे समाधान मिळे. असे समाधान फार स्वस्तात मिळते.

मग एके दुपारी गोदा म्हणाली, "आजच्यानंतर मी मैदानावर येणार नाही. स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसेन."

"का गं? कुणी काही बोललं का तुला?"

"नाही. मला कुणीच काही बोलत नाही."

शिष्याला काही उमगेना. तो कष्टी होऊन वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींनी सारे ऐकून घेतले, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "चल, आज मीही खेळतो."

लगोरी फुटली. मुले पळाली. गोदा नेहमीप्रमाणे कडेला निवांत उभी होती. गुरुजींनी चेंडू उचलला, नेम धरला आणि सरळ तिच्यावर फेकला.

"गोदा बाद!"

पळणारी मुले जागीच थांबली. एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, ती लिंबूटिंबू आहे."

"असेल. पण बाद म्हणजे बाद."

आता ही पोर रडणार, असे वाटून शिष्य धावला. गोदाचा चेहरा लालबुंद झाला होता. ती कुबडी आपटत गुरुजींच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी कशी बाद? चेंडू मला लागलाच नाही, कुबडीला लागला! कुबडी म्हणजे काय अंग आहे?"

"आहेच!" गुरुजींच्या बाजूची मुले ओरडली.

"मुळीच नाही!" गोदाच्या बाजूची मुले पुढे सरसावली.

"मग तू कुबडीनं सगळेच चेंडू अडवशील!"

"मुद्दाम अडवला तर मी बाद. आपोआप लागला तर नाही. आहे कबूल?"

असा कडाक्याचा वाद त्या मैदानावर पूर्वी झाला नव्हता. गुरुजी झाडाखाली जाऊन बसले आणि खुशाल हसू लागले. शिष्याला राहवेना. "गुरुजी, आपण तिला बाद केलंत, वर भांडणही लावलंत! हे कसं?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, लिंबूटिंबूशी कुणी भांडतं का? तिच्यापासून कुणाला भय नाही, तिच्याकडून कुणाला अपेक्षा नाही. तू तिला हरण्यापासून वाचवलंस आणि खेळातूनच वगळलंस. खेळ तिला झेपेल असा जरूर बदल. पण तो असा बदल, की ती मनापासून जिंकू शकेल आणि खरोखर हरूही शकेल. आणि बदल काय करायचा, हे मला विचारू नकोस. ती बघ, तिथे सांगते आहे."

शिष्याने त्या घोळक्यात शिरून विचारले, "गोदा, तुला बाद कसं करायचं, ते तूच सांग."

तिचे डोळे चमकले. "लगोरी मैदानातल्या त्या चौथऱ्यावर रचायची. खाली वाकायला मला वेळ लागतो, तेवढ्यात कुणीही टिपेल. चौथऱ्यावर असेल, तर टिपून दाखवाच!"

चौथऱ्यावर लगोरी रचली गेली. गोदा खेळली, ओरडली, दोनदा बाद झाली आणि तिची बाजू चक्क हरली. अंधार पडता पडता मुले परतू लागली, तेव्हा शिष्याने भीतभीतच विचारले, "उद्या येशील ना गं?"

गोदाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की याला खेळातले काही कळते की नाही!

"न येऊन कसं चालेल? उद्या राज्य आमच्यावर आहे."