टिकलूचं हिरवं पातं

फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची शाळा भरायची. गुरुजी रोज एक गाठ शिकवत आणि तीच घरून विणून आणायला सांगत. पिल्लू टिकलू मात्र गवत साठवून ठेवी आणि शाळेला दांडी मारून ओढ्यात डुंबत बसे. म्हणे, "शेवटी सगळं एकदम विणतो की!"

खोपे टांगायचा दिवस आला. टिकलूने ढिगातलं पातं वळवलं, ते कडकन मोडलं. दुसरंही मोडलं. सगळं गवत वाळलं होतं! तो रडकुंडीला आला.

गुरुजी हसले. "अरे वेड्या, पातं हिरवं असतं तेव्हाच वळतं. चल, आज एकच गाठ घाल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच टिकलू ताजं पातं घेऊन शाळेत हजर! गुरुजी अजून पेंगतच होते.

"गुरुजी, उठा ना! आजचं पातं वाळून जाईल!"