भिंत कुणी लिंपली?

रानात कुऱ्हाड पोचली नव्हती तेव्हाची गोष्ट. उंबराच्या ढोलीत चिमा साळुंकी आणि तिचा नवरा भिवा राहायचे. चिमाला मैत्रिणींबरोबर गव्याच्या पाठीवर बसून बडबडायला फार आवडायचं. भिवा म्हणायचा, "त्या तुला बिघडवतात. आणि तुझा आवाज ऐकून बेडूकसुद्धा लाजतो." चिमा हळूहळू गप्प राहायला लागली.

वरच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. आत धनेशकाकू अंड्यांवर बसली होती आणि धनेशकाका फटीतून तिला फळं भरवत होते. भिवा म्हणाला, "बघ, याला म्हणतात माया." चिमाला अंडी नव्हती की काही नव्हतं, तरी त्याने तिला आत ठेवून ढोली लिंपून टाकली. मनात आलं तर अळी आणायचा. ती कुरकुरली की म्हणायचा, "मी कधी चोच तरी मारली का तुला?"

नव्हती मारली, हे खरंच होतं. मग आपल्याला रडू का येतं, ते चिमाला कळेना. तिने फटीतून विचारलं, "काकू, तुम्ही गुदमरत नाही का हो?"

"मी का गुदमरू? माझी भिंत मीच आतून लिंपलीय. वेळ झाली की मीच फोडणार. तुझी कुणी लिंपली गं?"

चिमाने भिंतीवर चोच मारली.

भिवा आला तेव्हा ढोली रिकामी होती. खाली चिमा इतकी बडबडत होती की गवा कान हलवून दमला.

"बोल गं, बोल," वरून काकू हसली. "माझी पिल्लं अंड्यातच बोलायला शिकतील."