विडा न घेता गेलेले

फार पूर्वी एका अवघड घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती. राणीने ती वाटसरूंसाठी बांधली होती आणि आता आपल्या एका आचाऱ्याला तिथला नवा कारभारी नेमलं होतं. अट एकच होती. दहा वाटसरूंतले निदान नऊ तरी तृप्त होऊन घाट चढले पाहिजेत, नाहीतर कारभारी बदलायचा.

पौर्णिमेला राणी स्वतः येणार असा निरोप आला आणि कारभारी हिशेबाला लागला. रोज शेकडो माणसं येत. एकेकाला कुठं विचारत बसणार? मग त्याला युक्ती सुचली. जेवून निघालेल्यांना तो दारात स्वतःच्या हाताने विडा देई. तेव्हाच तो अधूनमधून एखाद्याला विचारू लागला, "पोटभर जेवलात ना?"

"वा! उत्तम!" जो तो म्हणे. हातात विडा पडल्यावर नावं कोण ठेवणार?

दहांतले दहा तृप्त! तरी कारभाऱ्याला घास गोड लागेना.

"अहो, सगळे खूश आहेत ना? मग जिवाला घोर कसला?" बायकोने विचारलं.

"सगळेच खूश आहेत, याचाच घोर लागलाय गं. मग रोज एवढा भात उरतो कसा?"

सकाळी हंड्यातलं शीत चेपून बघताना तो थबकला. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण हंडा तळापासून ढवळल्यावर! आपण तर वरवरचीच शितं चेपत बसलो. आचारी असून एवढं कळू नये, याची त्याला भारी लाज वाटली.

तो तडक घाटातल्या पुलावर जाऊन उभा राहिला. धर्मशाळेत थांबलेला प्रत्येक जण पुढे तिथूनच जाई. चेहरा न बघता तो दर दहाव्या वाटसरूला थांबवू लागला. नातीला फुटाणे भरवत एक म्हातारी आली.

"आजी, जेवलात ना आमच्याकडे?"

"कसलं जेवण, बाबा! तुमच्याकडे पंगत भरल्याशिवाय पानं वाढत नाहीत. वाट बघून बघून पोर रडकुंडीला आली. अंधार पडायच्या आत घाट ओलांडायचा, म्हणून निघालो तशाच."

दिवस मावळेपर्यंत कळलं ते असं, की दहांतले चार उपाशीच जात होते. ज्यांनी विडा घेतलाच नाही, त्यांना दारात कोण विचारणार?

पौर्णिमेला राणी आली. किती तृप्त, असं तिने कारभाऱ्याला विचारलं. नोकरी गेली तर घरी चूल कशी पेटायची? 'दहाच्या दहा' हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर ती पोर होती.

"राणीसाहेब, दहांतले सहाच तृप्त," तो कसाबसा म्हणाला. "चूक माझी आहे."

राणी म्हणाली, "आधीचे सगळे कारभारी 'दहाच्या दहा' सांगत आले, आणि मला वाटेत भुकेलेली माणसं भेटतच राहिली. त्यांना मी बदललं. तुम्ही फक्त पंगतीची रीत बदला."

दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याचं पान लगेच वाढलं जाऊ लागलं. कारभारी पुन्हा पुलावर गेला.

"जेवलो की!" पहिलाच वाटसरू म्हणाला. "पण आमटीत मीठ कमी होतं हो."

कारभाऱ्याला इतका आनंद झाला, की त्याने त्या माणसाला कडकडून मिठीच मारली.

तात्पर्य: खुशीत निरोप घेणाऱ्यांनाच विचारत राहिलं, तर मुकाट्याने निघून गेलेल्यांची भूक कधीच कळत नाही.