सुभेदाराचं पाणी

एका गावात एक भोळा वाणी होता. गाव माणदेशातलं, दुकान घोंगड्यांचं, आणि वाणी म्हणजे मीच. आता चार गावांतली माणसं मला व्यवहाराला चोख म्हणतात. म्हणोत. ज्यांनी मला त्या चैत्रात पाहिलं, ती अजून तोंडाला पदर लावून हसतात.

त्या साली धुळाआबा धनगरांची मेंढरं माझ्या शेतात बसली होती. शेताला खत मिळतं, मेंढरांना जागा मिळते, असा आमच्याकडचा रिवाज. तिसऱ्याच दिवशी आबांचा पाय मुरगळला आणि सुजून भोपळा झाला. आबा पालात आडवे पडले. मेंढरं तिथूनच त्यांच्या शिटीवर चरायची. पण राखणीच्या कुत्र्याला वरच्या उतारावर पाणी कोण नेणार? कुत्र्याचं नाव सुभेदार.

"नेमूशेठ," आबा म्हणाले, "डोंगरात लांडगा हाय. दोन कोकरं नेली त्यानं. पण वरचं तळं आटलंय. चार दिवसांत तहानेनं मुलूख सोडून जाईल. तवर आपलं कुत्रं पायावर उभं ऱ्हायलं पायजे. तेवढं पाणी पाज त्याला."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

दुपारी सुभेदार कळपाला वळसा घालून धापा टाकत आला. मी भरली बादली पुढं केली. त्यानं एका दमात निम्मी संपवली आणि दुसऱ्या दमात माझ्या धोतरावर ओकली.

आबांनी कपाळाला हात लावला. "आरं, धावून आलेल्याला एकदम पाणी देत न्हाईत. आधी सावलीला बसवावं. धाप बसली की घोट घोट पाजावं."

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी घरी आलो, तर सासरे येताना दिसले. एसटी चुकली म्हणून दोन कोस चालत. घामानं निथळत होते.

"जावईबापू, पाणी!"

"आधी सावलीला बसा," मी म्हणालो. "धाप बसू द्या."

बसले. मी देवघरातली पळी आणली. एक पळी दिली. थोडं थांबलो. दुसरी दिली. तिसरीला सासरे आत बघून ओरडले, "पद्मे, दुष्काळ तुमच्या घरातपण शिरलाय का गं?"

पद्मा म्हणजे माझी बायको. तिनं आतून भरला तांब्या आणला आणि मला बाजूला घेतलं. "अहो, दमून आलेल्याला काय पळीनं पाणी देतात? तांब्या पुढं करायचा. नको म्हणाला तरी आग्रह करायचा."

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आला. चार घोट प्यायला आणि तोंड फिरवलं.

"असं कसं?" मी म्हणालो. "अजून थोडं. माझ्या शब्दाखातर."

तो उठून पलीकडं बसला. मी पाण्याची पत्र्याची पाटी घेऊन पलीकडं गेलो. तो अलीकडं आला. मीही आलो. शेवटी कुत्रं भिडस्त निघालं. पीत गेलं. पोट डफासारखं झालं, तेव्हा मी समाधानानं पाटी खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत सुभेदार जागचा हलला नाही. दिवस कलताना लांडगा उतारावर दिसला, पण चार पावलं टाकून तोच मटकन बसला. म्हणून निभावलं.

"आग्रह लग्नाच्या पंगतीत करावा!" आबा गरजले. "पोटात पाण्याचा डेरा झाला, पण अंगातलं मीठ कुठाय? दिवसभर तोंड उघडं टाकून पळतंय ते. लाळंवाटं सगळं जातंय. जनावरांच्या डॉक्टरानं सांगितलंय, तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ अन् सुपारीएवढा गूळ. अन् आधी मानंवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. झटकन बसली तर बेस. उभीच ऱ्हायली तर समजायचं, अंगातलं पाणी सरलं."

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक गोदाआक्का. वय पंच्याऐंशी. उन्हातून आल्या होत्या, तोंड उघडं होतं. घोंगडं बघायला वाकल्या आणि मान माझ्यासमोर आली. मी चिमटीत धरली. सोडली. कातडी उभी ती उभीच!

"धावा!" मी ओरडलो. "आक्कांचं पाणी सरलं!"

मी चिमूटभर मीठ घातलं, सुपारीएवढा गूळ घातला आणि तांब्या आक्कांच्या तोंडाला लावला. आक्कांनी तो माझ्या डोक्यावर उपडा केला आणि काठी उचलली. पाणी सरलेल्या बाईच्या मानानं हात जोरकस होता.

"मुडद्या," त्या म्हणाल्या, "हात लावायच्या आधी समोर कोण हाय ते बघावं! वळख पाळख न्हाई आन् आला पाणी पाजायला!"

"एवढंच ना?" मी म्हणालो, आणि डोकं पुसत ध्यानात ठेवलं.

त्याच दुपारी पाणी घेऊन उतारावर गेलो, तर शेजारच्या कळपाची कुत्री जीभ लोंबवत आली. मी पाटी मागं ओढली.

"कोण तू? कुणाची?"

बोलली नाही.

"गाव कोणतं?"

गावही सांगेना. ओळख पटेना, तर पाणी कसं द्यायचं? "हाड!" म्हणालो. ती दोन पावलं गेली आणि कोसळली. तेवढ्यात सावलीला बसलेला सुभेदार उठला. त्यानं पाटी दातांत धरून तिच्याकडं ओढत नेली आणि आपण बाजूला बसला. त्या उतारावर आम्ही दोघंच राखणीला होतो, आणि अक्कल एकालाच होती.

आबांपर्यंत ही गोष्ट गेली. या खेपेला ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "नेम्या, तहानेल्या जनावराला गाव-गोत इचारायचं नसतं. कुणाचंबी असो. आधी पाणी, मग चौकशी."

हे मात्र माझ्या काळजाला भिडलं. "एवढंच ना?" असंसुद्धा म्हणालो नाही. नुसतं ध्यानात ठेवलं.

चौथा दिवस उजाडला. आबा म्हणाले, "आजचा दिस काढला की सुटलो."

दुपारी सुभेदार कळपाच्या पल्याड होता. अल्याड, बाभळीखाली, एक कुत्रं पडलेलं दिसलं. राखाडी रंगाचं, हाडं मोजून घ्यावीत असं. जीभ धुळीत टेकलेली. मी नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. सावलीत होतंच. धाप बसू दिली. मीठ घातलं चिमूटभर, गूळ सुपारीएवढा. मानेवरची कातडी धरून सोडली, ती उभी राहिली. घोट घोट पाजलं. आग्रह केला नाही. पुन्हा कातडी धरली, जरा सावकाश बसली. पुन्हा पाजलं. पुन्हा धरली, तर झटकन बसली! ते उठलं, अंग झाडलं आणि माझ्याकडं एकटक बघत राहिलं. माझे डोळे भरून आले. चार दिवसांत पहिल्यांदा माझं काही चुकलं नव्हतं.

घटकाभरानं वर एकच कालवा उठला. मेंढरं उधळली. आबा काठी टेकत, लंगडत पालाबाहेर आले. एक बाळसेदार कोकरू तोंडात धरून लांडगा डोंगर चढत होता. थांबला नाही, दमला नाही, वळूनही बघितलं नाही.

आबा मटकन खाली बसले. "परवा चार पावलं चालवत न्हवतं त्याला! आज येवढं बळ आलं कुठनं? अन् सुभेदार कुठं मेला?"

"बिचाऱ्याला कशाला शिव्या देता, आबा?" मी म्हणालो. "त्याला मीच बाभळीला बांधलाय. म्हटलं, चार दिवस राबतोय, आज सुट्टी घे. राखणीला नवं कुत्रं ताजंतवानं करून कळपात सोडलंय ना मी!"