ताटलीवरचा आडवा हात

एका गावात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई राहत होत्या. नाव उत्पला केसकर. बाई हुशार, आवाज खणखणीत, आणि कुणाची चूक दिसली की जागच्या जागी दुरुस्त करायची सवय. त्यांना दूरच्या एका डोंगराळ देशातून बोलावणं आलं. तिथल्या खेड्यातल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं आणि गावातल्याच एका कुटुंबात राहायचं, असं ठरलं. बाईंनी निघण्याआधी पुण्याला जाऊन त्या देशाची भाषाही शिकून घेतली. गावानं हार घालून त्यांना निरोप दिला.

ज्या घरी त्या उतरल्या तिथे आन्का, तिचा नवरा योरान आणि शाळेत जाणारी मुलगी मीला अशी तिघं होती. पहिल्या दिवशी आन्कानं बटाट्याचं दाट सूप वाढलं. थोड्या वेळानं विचारलं, "अजून वाढू?"

बाईंनी रीतीप्रमाणे ताटलीवर आडवा हात धरला. आपल्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आणि तोवर पानात पोळी पडलेलीसुद्धा असते. आन्कानं मात्र मान डोलावली, पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाई बघतच राहिल्या. त्या देशात एकदाच विचारतात. पुन्हा विचारणं म्हणजे पाहुण्याला खोटं ठरवणं. हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

मग रोज तेच. बाईंच्या पोटात कावळे ओरडायचे. दार लावून त्या घरून आणलेला चिवडा खायच्या, तोही संपला. त्यांनी आईला फोन लावला.

"या लोकांना पाहुणचार कशाशी खातात तेच माहीत नाही गं."

"अगं, मग मागून घे की."

"मागून? मी? तेही मोडक्यातोडक्या भाषेत?"

"भीड भिकेची बहीण असते, उत्पला," आई म्हणाली.

बाईंना ते पटलं नाही. त्यांना तिथली भाषा सगळी समजायची, पण एखादं वाक्य चुकलं तर हसं होईल, या धास्तीनं त्या तोंडच उघडत नसत. मान हलवून आणि हसून वेळ निभावून न्यायच्या.

शाळेत वेगळंच दुखणं होतं. मुलं लिहायची सुरेख, पण बोलायची नाहीत. कुणी धीर करून बोलू लागलं, तर अर्ध्या वाक्यातच बाई त्याची चूक काढायच्या. मग तो गप्प बसायचा तो बसायचाच. एक दिवस मुख्याध्यापक मार्को त्यांना म्हणाले, "सफरचंदांची तोडणी संपेपर्यंत मुलं बोलायला लागली नाहीत, तर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल."

बाईंना वाटलं, ज्या गावानं हार घालून पाठवलं, तिथे कोणत्या तोंडानं परत जायचं? त्यांनी वर्गाला चांगलंच फैलावर घेतलं. "लाज सोडा! चुकलात तर आभाळ कोसळणार आहे का?" मुलांनी माना खाली घातल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तोडणी सुरू झाली. पहिल्या दिवशी दुपारी झाडांखाली सगळ्या गावाचं जेवण होतं. सकाळपासून फळं तोडून बाईंना कडकडून भूक लागली होती. पहिली वाढणी केव्हाच संपली. आन्का पळी घेऊन आली. "अजून वाढू?"

बाईंचा हात सवयीनं ताटलीवर गेला. समोर वर्गातली सगळी मुलं बसली होती. बाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी हात मागे घेतला, उभ्या राहिल्या आणि त्या गावच्या भाषेत मोठ्यानं बोलल्या, "वाढ! मला भूक आहे. रोज भूक होता. मी नको बोलली, तो नको खोटा!"

एकच हशा पिकला. मुलं तर गडाबडा लोळायची बाकी राहिली. आन्का मात्र हसली नाही. तिनं पळी खाली ठेवली.

"रोज? माझ्या घरातून रोज उपाशी उठलीस? मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, उत्पला."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अडखळत, चुकत आपल्याकडची रीत सांगितली. शेवटी म्हणाल्या, "तू मनापासून विचारलंस. मीच खरं सांगितलं नाही."

आन्कानं सगळं ऐकून घेतलं आणि ताटली काठोकाठ भरली. "आता नको असेल तेव्हाच नको म्हण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मीला उभी राहिली. तिनं इंग्रजीत, चार चुका करत विचारलं, "बाई, तुमच्या देशात भुकेली माणसं पोट भरलंय असं का सांगतात?" चुका काढायला बाईंची जीभ शिवशिवली, पण त्यांनी ती आवरली आणि उत्तर दिलं. मग दुसरा उठला, तिसरी उठली. तोडणी संपता संपता वर्गाचा गलका मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाऊ लागला.

मार्को येऊन दारात उभे राहिले. "यांचं इंग्रजी फार चुकतं हो."

"चुकतं, कारण आता ती बोलतात," बाई म्हणाल्या. "सुधारायला मला आणखी एक वर्ष हवं आहे."

"आम्ही अजून विचारलं कुठे तुम्हाला?"

"तुमच्या विचारण्याची वाट बघत बसले, तर मी उपाशीच राहीन," बाई म्हणाल्या.

मार्को खो खो हसले. त्याच दुपारी बाईंची नेमणूक वर्षभरासाठी वाढली.

तात्पर्य: दुसऱ्याची भीड मोडायला निघालेल्यानं आधी आपली मोडावी, आणि हवं ते सरळ मागावं, आपल्या मनातलं ओळखायला जग बांधील नाही.